दोरी कुठे तुटावी?

मासे गरवणार्‍या माणसाला त्याच्या दोरीबद्दल विचारा, तो एकच गोष्ट सांगेल. "माझी चाळीस पौंडाची." दुसरा लगेच म्हणेल, "माझी साठाची!" जणू दोरीला ताकदीखेरीज दुसरा गुणच नाही. दुकानदारही तेच विकतो आणि रिळाच्या डबीवरही तोच आकडा सर्वांत ठळक छापलेला असतो.

माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. दोरी किती वजनाला तुटते यापेक्षा ती कुठे तुटते हा प्रश्न मोठा आहे. कालवांनी भरलेल्या आपल्या नदीकाठावर आणि खडपांवर ती कधी ना कधी तुटणारच. गरीपाशी तुटली तर हातभर दोरी पाण्यात राहते. रिळापाशी तुटली तर पन्नास-शंभर मीटर. गरवणार्‍याच्या लेखी हा फरक काही रुपयांचा; खारफुटीत बसणार्‍या पाणकावळ्याच्या लेखी तो जिवाचा आहे.

मासे गरवणे हा काय लिहिण्याचा विषय झाला, असे कुणाला वाटेल. पण ज्या गावात मानशीवर बसून दोन पिढ्यांनी संध्याकाळी घालवल्या, तिथे गरी आणि दोरी हाही संस्कृतीचाच ऐवज आहे. आणि दोरीने तर आपल्या भाषेला केवढे दिले आहे पाहा. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, ही म्हण पीळ दिलेल्या दोरीची आहे. काथ्याचा सुंभ असो की सुताची दोरी, तंतू एका दिशेने पिळायचे आणि असे दोन-तीन पीळदार पदर उलट्या दिशेने एकमेकांवर चढवायचे, ही तिची रीत. ताण आला की पीळ सुटू पाहतो, ढिली पडली की दोरी स्वतःभोवतीच फिरून गाठी मारून घेते. वेणीचे तसे नसते. वेणीत पेड एकमेकांच्या वरून-खालून जातात. एक पेड डावीकडे ओढतो तेवढाच दुसरा उजवीकडे, त्यामुळे फिरण्याची ओढ उरतच नाही. आज बाजारात जिला 'ब्रेड' म्हणतात (पोदेराच्या ब्रेडशी तिचा काही संबंध नाही!) ती दोरी म्हणजे अशी बारीक वेणी. चारपेडी किंवा आठपेडी.

हिच्या आधीच्या दोर्‍यांचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण पुढचा मुद्दा त्यावर उभा आहे. सुती दोरी पाण्यात कुजायची. म्हणून ती झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून मुरवावी लागे, आणि तरीही काही काळाने फेकावी लागे. मग तंगूस आला. १९३५ साली अमेरिकेतल्या ड्युपाँ कंपनीत वॉलेस कॅरोदर्स यांनी नायलॉन तयार केले आणि काही वर्षांतच त्याची एकसंध, काचेसारखी दोरी निघाली. ब्रेड त्यानंतरची. १९७० च्या दशकाच्या शेवटी नेदरलँड्समधल्या डीएसएम कंपनीत पॉलिथिनच्या अतिलांब साखळ्यांचे रेणू ओढून सरळ रेषेत बसवण्याची युक्ती सापडली आणि वजनाच्या मानाने पोलादापेक्षा कितीतरी पट मजबूत असा धागा जन्मला. १९९० च्या दशकात तो गरवणार्‍यांच्या रिळावर पोहोचला.

म्हणजे ही दोरी मुळात पॉलिथिनच. जी पिशवी बाजारातून आणू नका म्हणून आपण एकमेकांना सांगतो, तिच्याच जातीचे, फक्त कितीतरी पटींनी चिवट. सुती दोरीचा जो दोष होता, तो पाण्यात राहिलेल्या तुकड्याच्या बाबतीत गुण होता. ती कुजायची. ही कुजत नाही. वजनाला पाण्याहून हलकी असल्यामुळे तळाशीही बसत नाही. तरंगते, वाहते आणि पहिल्या मुळाला जाऊन गुंडाळते.

तरीही मी तंगुसाकडे परत चला असे म्हणणारा नाही. ब्रेडचे गुण खरे आहेत. तंगूस ओढला की पाव हिस्सा ताणला जातो. ब्रेड जेमतेम तीन-चार टक्के. त्यामुळे चाळीस मीटरवर काळुंद्राने सुंगटाला नुसते तोंड लावले तरी बोटाला कळते. त्याच ताकदीच्या तंगुसापेक्षा ती निम्म्याहून बारीक असते, म्हणून लांब फेकली जाते आणि ओहोटीच्या ओढीत कमी वाहवते. फक्त हाताने दोरी टाकणार्‍यांनी तिच्या वाटेला जाऊ नये. ही दोरी बोट सुरीसारखी कापते. हातदोरीला जाड तंगूसच हवा.

आता निवडीबद्दल. पौंडांच्या आकड्यावर विसंबू नका, जाडी पाहा. जपानी पद्धतीच्या डब्यांवर 'पीई' असा क्रमांक असतो. तो मुळात धाग्याच्या वजनावरून ठरतो, पण व्यवहारात तो जाडीचा क्रमांक समजायला हरकत नाही. पीई १ म्हणजे ०.१६५ मिलिमीटर, पीई १.५ म्हणजे ०.२०५, पीई २ म्हणजे ०.२३५, पीई ३ म्हणजे ०.२८५. एखाद्या डबीवर ०.१० मिलिमीटर आणि चाळीस पौंड असे दोन्ही लिहिलेले असेल, तर त्यातला एक आकडा खोटा आहे असे समजा. माझ्या मते नदीत, मानशीवर आणि खडपावरून गरवणार्‍याला पीई १.५ ते २ पुरेशी आहे. शेवटे-काळुंद्रांसाठी तर पीई १ सुद्धा चालते.

चारपेडी की आठपेडी? आठपेडी गोल, गुळगुळीत, कड्यांतून आवाज न करता जाणारी. फेकायला सुखाची. पण जाडी तीच ठेवून पेड दुप्पट केले की प्रत्येक पेड बारीक होतो आणि कालवाच्या कडेला घासल्यावर लवकर तुटतो. आपल्या मानशींच्या जांभ्या दगडावर आणि खांबांवर कालवे चिकटलेली असतात. तिथे मी चारपेडीच्या बाजूचा. होडीतून मोकळ्या पाण्यात गरवणार्‍याने खुशाल आठपेडी घ्यावी. रंगाचे फार मनावर घेऊ नका. दर दहा मीटरला रंग बदलणारी दोरी खोली मोजण्यासाठी होडीत कामाची. काठावरच्याला ती फक्त शोभेची.

ब्रेडची खरी अडचण घासण्याची. ताणलेली ब्रेड खडकाच्या धारेला लागली की क्षणात जाते. म्हणून तिच्या पुढे मीटर-दीड मीटर तंगूस किंवा फ्लुरोकार्बन बांधायचा. यालाच लीडर म्हणतात. चणकाच्या कल्ल्याची कड पात्यासारखी धारदार असते. तो पाण्याबाहेर उसळून डोके झटकतो तेव्हा बारीक दोरी तिथेच कापली जाते. तांबसोचे सुळे दोरी कुरतडतात, आणि धरला गेल्याबरोबर तो मुळांत किंवा दगडाखाली शिरतो. इसवणाच्या दातांपुढे तर तंगूसही टिकत नाही, तिथे गरीआधी वीतभर तार लागते. थोडक्यात, लीडर जाड हवा.

आणि इथेच बहुतेक जण गल्लत करतात. लीडर जाड हवा म्हणजे तो मजबूतही हवा असे समजून वीस पौंडाच्या ब्रेडला साठ पौंडाचा लीडर बांधतात. मग गरी अडकली, जोर लावला, की सर्वांत कच्चा दुवा तुटतो, आणि तो दुवा असतो ब्रेड. लीडर शाबूत, गरी शाबूत, आणि त्यांच्यामागे वाहत जाणारी लांबच लांब दोरी.

जाडी आणि ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तंगुसाच्या बाबतीत आपल्या फायद्याचे आहे. पीई २ ची चाळीस पौंडाची चांगली ब्रेड ०.२३५ मिलिमीटरची असते. तीस पौंडाचा तंगूस अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जाड असतो. म्हणजे तीस पौंडाचा लीडर त्या ब्रेडच्या दुपटीहून जाड आहे, घासायला टिकणार आहे, आणि तरीही ताकदीला तिच्यापेक्षा कच्चा आहे. शिवाय गरीच्या गाठीत त्याची ताकद आणखी थोडी कमी होते. सगळे जमले तर जोर लावल्यावर दोरी गरीच्या गाठीशीच तुटते. हीच ती योग्य जागा. माझा नियम एका ओळीचा आहे: लीडर ब्रेडपेक्षा जाडीला दुप्पट, ताकदीला तीन चतुर्थांश.

लीडरसाठी तंगूस की महागडा फ्लुरोकार्बन? फ्लुरोकार्बन पाण्यात कमी दिसतो, हे खरे. प्रकाश वाकवण्याचा त्याचा अंक १.४२ आहे, पाण्याचा १.३३ आणि नायलॉनचा १.५ च्या वर. पण जून ते सप्टेंबर मांडवी-जुवारीचे गढूळ पाणी पाहिले आहे ना? त्यात माशाला तुमचा लीडर दिसतो की नाही ही चिंता करण्यात अर्थ नाही. हिवाळ्यात खडपावरून स्वच्छ पाण्यात गरवताना फ्लुरोकार्बनला जागा आहे. एरवी तंगूस बरा. त्याला आणखी एक कारण: उन्हात तंगूस हळूहळू का होईना कमजोर होतो, फ्लुरोकार्बन जवळजवळ होत नाही. जो तुकडा पाण्यात राहण्याची शक्यता सर्वांत अधिक, तो निदान म्हातारा होणारा तरी असावा.

ब्रेड आणि लीडर जोडणारी गाठ मात्र पक्की हवी, कारण ती सुटली तर वरचा सगळा हिशेब फुकट. ब्रेड निसरडी असते, नेहमीची गाठ तिच्यावर सरकते. 'एफजी' नावाची गाठ सर्वांत उत्तम. तिच्यात लीडर वळवतच नाहीत; ब्रेडच त्याच्याभोवती आलटून पालटून वीसेक वेढ्यांनी विणतात आणि ओढ बसली की ती लीडरला आवळते. वेणीवर वेणीच म्हणा ना. ती रॉडच्या कड्यांतून अडखळत नाही. हात बसेपर्यंत 'डबल युनी' चालेल. लीडरला चार वेढे, ब्रेडला आठ. कुठलीही गाठ आवळताना तिला ओली करा, कोरडी आवळली की घर्षणाच्या उष्णतेने तंगूस तिथेच दुबळा होतो.

यावर विश्वास ठेवायची गरज नाही, घरीच तपासता येते. आमच्यासारख्या कारकुनाला आकडा पडताळून पाहिल्याशिवाय चैन पडत नाही! अंगणातल्या झाडाच्या आडव्या फांदीला फडके गुंडाळून त्यावर ब्रेडचे सात-आठ वेढे द्या आणि टोक बांधा. खाली लीडर नेहमीच्या गाठीने जोडा, त्याला जुनी गरी नेहमीच्याच गाठीने बांधा, आणि गरीत बादलीची कडी अडकवा. बादली जमिनीपासून चार बोटे वर राहू द्या, चेहरा दूर ठेवा, आणि मापाने पाणी ओतत जा. एक लिटर म्हणजे एक किलो, बादलीचे वजन वेगळे धरा. तीस पौंड म्हणजे साडेतेरा किलोच्या आसपास. गाठीमुळे साधारण अकरा-बारा किलोला तुटायला हवी, आणि गरीपाशी तुटायला हवी. ब्रेड आधी तुटली तर एक तर डबीवरचा आकडा खोटा किंवा तुमची जोडगाठ कच्ची. दोन्ही गोष्टी नदीकाठी कळण्यापेक्षा अंगणात कळलेल्या बर्‍या. जो आकडा येईल त्याच्या पाव ते तिसर्‍या हिश्श्यावर रिळाचा ड्रॅग बसवा; अकरा किलोला तुटणार असेल तर तीन-साडेतीन किलो.

आता निगा. ब्रेड कुजत नाही म्हणून तिची निगा राखावी लागत नाही, हा सार्वत्रिक समज आहे. निगा राखायची ती दोरी जास्त दिवस पुरावी म्हणून तर खरीच, पण मुख्य म्हणजे तुटण्याची जागा बदलू नये म्हणून. वर कुठेतरी तीस मीटरवर दोन पेड कापलेले असतील, तर तुम्ही लीडर कितीही हिशेबाने बांधा, दोरी त्या तीस मीटरवरच तुटणार.

पॉलिथिन पाणी शोषत नाही, पण पेडांच्या मध्ये खारे पाणी राहते. ते सुकले की मिठाचे कण आणि बारीक रेती आतून धागे कातरत राहतात. म्हणून घरी आल्यावर दोरी गोड्या पाण्याने हलकेच धुवा. नळाच्या जोरदार धारेखाली धरली तर मीठ रिळाच्या आत जाते. सावलीत, वार्‍यावर सुकवा. पावसाळ्यात ओली दोरी डबीत बंद करू नका, धागा टिकेल पण रीळ गंजेल. तापलेल्या इस्त्रीपासून, सिगारेटपासून दूर ठेवा. हा धागा दीडशे अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो, आणि कमजोर तर त्याच्या बराच आधी होतो.

गरवायला जाण्यापूर्वी पहिले वीस-तीस मीटर कापसाच्या बोळ्यातून ओढून पाहा. जिथे कापूस अडकेल तिथे पेड फुटलेला आहे. तिथून पुढची दोरी निर्दयपणे कापून टाका आणि लीडर नव्याने बांधा. लीडरवरून नख फिरवा, खरखरीत लागला की बदला. तो स्वस्त आहे आणि खर्ची पडण्यासाठीच आहे. हंगाम संपला की दोरी उलटवून घ्या. रिळावर आतल्या बाजूची निम्मी दोरी कधी पाण्यातच गेलेली नसते. ती बाहेर आली की नवी दोरी हाती लागते. भरताना रिळाच्या बुडाशी आधी थोडा तंगूस गुंडाळा, नाहीतर सगळी ब्रेड दांड्यावर गरगर फिरते. ब्रेड ओली करून, ताण देऊन भरा, आणि कडेपासून दोन-तीन मिलिमीटर जागा सोडा. ढिली भरलेली दोरीच वार्‍यात गुंता करते, आणि गुंता कापून फेकणे हीच पुढची पायरी असते.

गरी अडकली तर रॉड वाकवून हिसके देऊ नका. रॉड दोरीच्या रेषेत धरा, दोरी एका लाकडाच्या दांडक्याला चार-सहा वेढे देऊन मागे चाला. हाताला कधीही गुंडाळू नका. आधी अडकल्या जागेच्या दुसर्‍या बाजूला जाऊन ओढून पाहावी. निम्म्या वेळा गरी सुटून येते.

एक आक्षेप मला ठाऊक आहे. "लीडर कच्चा ठेवला आणि दहा किलोचा चणक गेला तर?" जाईल. पण कसा जाईल ते पाहा. गरीपाशी तुटली तर तो तोंडात एक गरी घेऊन जाईल, आणि ती पडून जाण्याची शक्यता असते. ब्रेड वर तुटली तर तो पन्नास मीटर न तुटणारी दोरी मागे ओढत जाईल, ती पहिल्याच मुळाला अडकेल, आणि दावणीला बांधल्यासारखा तो तिथे मरेल. तो मासा तुमच्या ताटातही नाही आणि नदीतही नाही. ज्याला चणक पुढच्या वर्षीही हवा आहे, त्याने हा हिशेब करावा. शिवाय ड्रॅग नीट बसवलेला असेल तर माशाच्या ओढीने दोरी सहसा तुटत नाही. ती तुटते कालवाने, फुटलेल्या पेडाने किंवा आपल्या घाईने.

पणजीहून रायबंदरला जाणारा तो जुना बांधरस्ता आठवा, १६३० च्या दशकात पोर्तुगीज व्हाइसरॉय लिन्हारेस याच्या काळात बांधलेला. त्याच्या कडेला आजही संध्याकाळी रॉड घेऊन उभी राहिलेली माणसे दिसतात. आणि मांडवीत तिथून थोडे वर, चोडण बेटाच्या टोकाला, सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. १९८८ साली घोषित झालेले, पावणेदोन चौरस किलोमीटरच्या आसपासच्या खारफुटीचे. भरती नदीत वर जाते तेव्हा तरंगणारी दोरीही तिच्याबरोबर वर जाते. तिथे ती मुळांत ताणून बसते. पाण्यात बुडी मारणारा पाणकावळा, चिखलात चालणारा बगळा, कुणालाच ती दिसत नाही. पाय किंवा पंख एकदा अडकला की धडपडीने ती अधिकच आवळते. आंबील-पेजेच्या काळात ज्यांनी सुती दोरीने गरवले, त्यांना हा विचार करावा लागला नाही. त्यांची दोरी त्यांची चूक पोटात घेत होती. आपली घेत नाही.

यासाठी नवा कायदा हवा, दोरीवर बंदी हवी, असे मी म्हणणार नाही. सरकारी नोकरीत इतकी वर्षे काढल्यावर बंदीचा कागद किती दूर चालतो हे मला ठाऊक आहे. गरवणार्‍यानेच तीन गोष्टी पाळाव्यात. लीडर ब्रेडहून कच्चा ठेवावा. फुटलेली दोरी रिळावर ठेवू नये. आणि कापलेला एकही तुकडा, मग तो बोटभर का असेना, काठावर टाकू नये. खिशात एक लहान डबी ठेवावी, घरी आल्यावर त्या तुकड्यांचे कात्रीने अगदी बारीक तुकडे करून मगच कचर्‍यात टाकावेत, म्हणजे कचर्‍याच्या ढिगावरच्या कावळ्या-कुत्र्यांच्या पायांतही ती अडकणार नाही.

दुकानात पुढच्या खेपेला दोरी घ्यायला जाल तेव्हा "किती पौंडाची?" हे जरूर विचारा. फक्त लीडर घेताना त्याहून लहान आकडा मागा.